मुंबईत आजार कुणाच्या वाट्याला येतो? आरोग्यातल्या विषमतेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आरोग्य या विषयावर बोलायला गोवंडीतल्या वस्तीसभेत जा की पार्ल्यातल्या सोसायटीच्या हॉलमध्ये, बोलून झाल्यावर साधारण हेच प्रश्न येतात. काही काळजीपोटी विचारलेले असतात, काहींच्या पोटात आरोप असतो. दोन्हींना नीट उत्तर मिळायला हवं, म्हणून ती इथे एकत्र लिहिली आहेत.

कुणी जास्त आजारी पडतो, कुणी कमी. त्यात विषमता कसली?

प्रत्येक फरक अन्यायाचा नसतो. सत्तरीला गुडघे दुखतात, विशीत दुखत नाहीत. ते वयाचं आहे. पण एकाच शहरातल्या, एकाच वयाच्या दोन मुलींपैकी एकीला क्षयाचा धोका जास्त असतो. तिच्या खोलीला खिडकी नाही, घरात पाच माणसं झोपतात आणि बापाची मजुरी रोजची आहे, एवढंच त्याचं कारण असतं. हा फरक निसर्गाने केलेला नाही. घरं कशी बांधायची, पाणी कुणाला किती सोडायचं, मजुरी किती द्यायची हे ठरवणाऱ्या माणसांनी तो केला आहे. म्हणजे तो कमीही करता येतो. या पानावर विषमता म्हणतो ती एवढ्याच अर्थाने.

मुंबईत केईएम आहे, सायन आहे, नायर, कूपर, जेजे आहे. देशात कुठल्या शहरात एवढी सरकारी रुग्णालयं आहेत? मग अडचण कुठे आहे?

या रुग्णालयांचा अभिमान वाटावा अशीच ती आहेत. नायर १९२१चं, केईएम १९२६चं. मोठमोठ्या शस्त्रक्रिया तिथे नाममात्र खर्चात होतात आणि राज्यभरातून लोक येतात. ती नसती तर हे शहर केव्हाच कोलमडलं असतं.

तरीही अडचणी आहेत. पहिली जागेची. केईएम, नायर, जेजे, टाटा ही सगळी जुन्या शहरात, आणि वस्ती सरकत गेली मानखुर्द, मालवणी, दहिसरकडे आणि पुढे नालासोपारा, दिव्यापर्यंत. पहाटे लोकल धरायची, केसपेपर काढायचा, ओपीडीचा नंबर लावायचा, तपासणीला दुसऱ्या इमारतीत जायचं, आणि सोनोग्राफीची तारीख मिळणार पुढच्या महिन्यातली. केसपेपर स्वस्त आहे, पण दिवस स्वस्त नाही. नाक्यावर उभं राहून काम मिळवणाऱ्याचा त्या दिवशी खाडा पडतो. सोबत आलेल्या भावाचाही पडतो. वर एखादं औषध ‘बाहेरून आणा’ म्हणून चिठ्ठी मिळाली, तर फुकट उपचाराचा खर्च आठवड्याच्या किराण्याएवढा होतो. म्हणून माणूस आधी गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो. तिथे इंजेक्शन मिळतं, ताप उतरतो, कामावर जाता येतं. मोठ्या रुग्णालयात तो पोचतो तेव्हा आजार मोठा झालेला असतो.

वेल्समधल्या कोळसा खाणींच्या भागात काम करणाऱ्या ज्युलियन ट्यूडर हार्ट या डॉक्टरांनी १९७१ साली हेच नियमासारखं मांडलं होतं. ज्यांना उपचाराची गरज सर्वात जास्त, त्यांच्यापर्यंत चांगला उपचार सर्वात कमी पोचतो, आणि आरोग्यसेवा बाजारावर जितकी सोडाल तितकं हे वाढतं.

२०२२पासून पालिकेने वस्त्यांत सुरू केलेल्या ‘आपला दवाखाना’ केंद्रांची मला सर्वात महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे त्यांची वेळ. रात्री १० पर्यंत उघडा असलेला दवाखाना म्हणजे खाडा न करता दाखवता येण्याची सोय. तिथे डॉक्टर, औषधं आणि तपासण्या नियमित असल्या, तर शहरातल्या रांगांचा मोठा भाग वस्तीतच विरेल.

आणि सर्वात मोठी गोष्ट: रुग्णालय आजार बरा करतं. आजार होतो तो घरात, कामावर, पाण्याच्या रांगेत. त्यामुळे रुग्णालयांची संख्या वाढवून हा प्रश्न अर्धाच सुटतो.

गरीब लोक स्वच्छता पाळत नाहीत, म्हणून आजारी पडतात. हे खरं नाही का?

नाही. वस्तीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत एकदा जाऊन बघा. मांडणीवरची भांडी लखलखीत असतात. अडतं ते पाण्याशी.

मुंबईला तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, भातसा, अप्पर वैतरणा आणि मध्य वैतरणा अशा सात जलाशयांचं पाणी येतं. पण वाटपाचं गणित वेगळं आहे. इमारतीतल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर आणि झोपडपट्टीतल्याला ४५ लिटर, असा पालिकेचा निकष वर्षानुवर्षं चालत आला. कागदावरच तिप्पट फरक! आणि ४५ लिटरसुद्धा अनेक गल्ल्यांत पोचत नाहीत, कारण नळाला तास-दोन तास पाणी, तेही कमी दाबाचं. ज्या वस्त्यांना कायद्याने मान्यता नव्हती, त्यांना तर नळजोडणीच नाकारली जायची. २०१४ साली पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की झोपडी बेकायदा असली तरी त्यात राहणाऱ्या माणसाचा पाण्याचा हक्क संपत नाही. २०२२मध्ये पालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण आणलं. तरीही ड्रम आणि हंड्याने पाणी विकत घेणारी कुटुंबं आजही आहेत, आणि लिटरमागे ती मलबार हिलच्या बंगल्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजतात.

ड्रममध्ये साठवलेल्या पाण्यात डास होतात, डेंग्यू येतो. गटारालगतच्या पाइपला गळती असेल तर जुलाब आणि कावीळ. हात धुवायला सांगणं सोपं आहे. पण ज्या घरात पिण्याचं पाणी कुठलं आणि धुण्याचं कुठलं याचा रोज हिशोब करावा लागतो, तिथे हात धुणं ही सवयीची बाब उरत नाही.

पैशाचा आणि आजाराचा संबंध आहे हे सिद्ध झालंय का, की ही नुसती मतं आहेत?

सिद्ध झालंय, आणि अनेकदा. ब्रिटनमध्ये १९६७ साली सरकारी नोकरांचा एक मोठा अभ्यास सुरू झाला, व्हाइटहॉल अभ्यास म्हणून तो ओळखला जातो. या लोकांना पक्की नोकरी होती आणि मोफत राष्ट्रीय आरोग्यसेवाही होती. तरी सर्वात खालच्या श्रेणीतल्या पुरुषांचा मृत्युदर सर्वात वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघाला. तंबाखू, रक्तदाब वगैरे वजा करूनही मोठा फरक शिल्लक राहिला. आणि तो पायरीपायरीने होता, म्हणजे वरून दुसऱ्या पायरीवरचा माणूसही पहिल्या पायरीपेक्षा मागे. याच कामातून पुढे आलेले मायकेल मार्मट नंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाचे अध्यक्ष झाले. सामाजिक अन्यायामुळे माणसं मरतात, असं त्या आयोगाने २००८ साली स्पष्ट शब्दांत लिहिलं.

मुंबईतला पुरावा हवा असेल तर जुलै २०२० आठवा. टाळेबंदीच्या काळात पालिका, नीती आयोग आणि टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) यांनी दहिसर, चेंबूर आणि माटुंगा-सायन भागांतल्या तीन प्रभागांत रक्ताचे नमुने तपासले. झोपडपट्टीतल्या सुमारे ५७ टक्के लोकांच्या रक्तात कोरोनाची प्रतिपिंडं, म्हणजे लागण होऊन गेल्याची खूण, सापडली, बिगर-झोपडपट्टी भागात सुमारे १६ टक्के लोकांच्या. प्रभाग तोच, विषाणू तोच, महिनाही तोच. ‘घरात राहा’ ही सूचना सर्वांना सारखीच होती, पण गल्लीतला संडास सामायिक होता आणि घर म्हणजे एक खोली होती.

झोपडपट्टी पाडून लोकांना पक्क्या इमारतीत हलवलं की प्रश्न मिटतो ना?

हा प्रश्न मला सर्वात महत्त्वाचा वाटतो, कारण मुंबईने याच उत्तरावर अब्जावधी रुपये आणि कित्येक दशकं खर्च केली आहेत.

पक्कं घर हवंच. पावसात छप्पर गळत नाही, दारात गटार नसतं, संडास घरात येतो. बायकांसाठी तर हा जन्माचा बदल असतो. पण इमारत कशी बांधली यावर पुढचं सगळं ठरतं. मानखुर्दचं लल्लुभाई कंपाउंड, गोवंडीचं नटवर पारेख कंपाउंड या वसाहती रस्ते आणि रेल्वे प्रकल्पांत विस्थापित झालेल्यांसाठी बांधल्या. दोन इमारतींमध्ये अंतर सोडलं तीन मीटरच्या आसपास. खालच्या मजल्यांवर भरदुपारी दिवा लावावा लागतो. समोरच्या इमारतीतून कचरा पडतो म्हणून खिडकी बंद, आणि खिडकी बंद म्हणून हवा बंद. २०१८मध्ये डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांनी इथे अभ्यास केला. ऊन आणि हवा कमी मिळणाऱ्या खालच्या मजल्यांवर क्षयरोग जास्त आढळला. जवळच्याच, इमारतींमध्ये जास्त मोकळी जागा असलेल्या पीएमजीपी वसाहतीत तो बराच कमी होता.

क्षयाचा जंतू हवेतून पसरतो, हे शंभराहून जास्त वर्षं माहीत आहे. तरीही पुनर्वसनाच्या इमारतींना मोकळ्या जागेच्या नियमांत सूट देण्यात आली. जास्त चटईक्षेत्र बसावं म्हणून नकाशावर केलेली ती तडजोड आज कुणाच्या तरी फुप्फुसात आहे. एवढ्या स्पष्ट पुराव्यानंतर पुढच्या प्रत्येक एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसन) प्रकल्पाची मंजुरी ऊन आणि वारा मोजूनच व्हायला हवी.

माहुलची गोष्ट याच वळणाची. तानसा जलवाहिनीलगतची घरं तोडून हजारो कुटुंबांना तेलशुद्धीकरण आणि रासायनिक कारखान्यांशेजारी नेऊन ठेवलं. लोक खोकले, अंगावर चट्टे उठले, आंदोलनाला बसले. शेवटी २०१९मध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की त्यांना दुसरीकडे घर द्या, नाही तर भाडं द्या.

हे सगळं अलीकडचंच आहे का?

नाही. १८९६ साली मांडवीत प्लेग आला, तेव्हा धक्क्यावरच्या मजुरांच्या दाट, अंधाऱ्या चाळींत तो वेगाने पसरला. १८९८मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. समुद्राचा वारा आत यावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे रस्ते काढले. चाळी पाडल्या, पण पाडलेल्यांएवढी घरं बांधली नाहीत, आणि गरिबांची गर्दी शेजारच्या गल्लीत आणखी वाढली. वरळी, नायगाव, शिवडीच्या बीडीडी चाळी त्यानंतरच्या, १९२०च्या दशकातल्या.

गोवंडी-मानखुर्दचंच नाव नेहमी का येतं?

कारण शहराने नको असलेलं सगळं तिथे नेऊन टाकलं. देवनारचं डम्पिंग ग्राउंड १९२७पासूनचं. मग कत्तलखाना. मग १९७६मध्ये जनता कॉलनीतल्या लोकांना हटवून वसवलेला चीता कॅम्प, नंतर पुनर्वसन वसाहती. २०१६च्या जानेवारीत डम्पिंगला आग लागली, तेव्हा धूर दक्षिण मुंबईपर्यंत गेला आणि शहराला बातमी कळली. शिवाजीनगर, बैंगणवाडी, रफिक नगरसाठी धूर ही बातमी नव्हती. मुंबईच्या २००९च्या मानव विकास अहवालात एम पूर्व, म्हणजे गोवंडी-मानखुर्दचा प्रभाग, सर्वात खाली होता. तिथल्या लोकांचं काही चुकलं म्हणून नव्हे. शहराचं ओझं त्यांनी अंगावर घेतलं म्हणून.

क्षयाची औषधं सरकार फुकट देतं. मग लोक ती मध्येच का सोडतात?

गोळ्यांनी भूक लागते, मळमळतं, आणि घरात खायला पुरेसं नसतं. दोन महिन्यांत बरं वाटायला लागतं आणि मुकादम विचारतो, येणार आहेस की दुसरा माणूस घेऊ? घरमालकाला कळलं तर खोली जाईल, लग्न ठरत असलेल्या मुलीचं लग्न मोडेल, म्हणून डबी लपवली जाते. कुणी पावसाळ्याआधी गावी जातो आणि तिथे औषध सुरू करून घेण्यात दिवस जातात. यातलं एकही कारण औषधाच्या किमतीचं नाही.

अन्नाचं महत्त्व तर आता आकड्यांत दिसलं आहे. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रेशन्स’ या चाचणीत क्षयरुग्णाच्या घरच्यांना पोषक शिधा दिला. त्या घरांत नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. तांदूळ आणि डाळ! लशीकडून अपेक्षा ठेवावी असा हा परिणाम आहे. निक्षय पोषण योजनेत रुग्णाला २०१८पासून महिना ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४पासून १,००० मिळतात. वाढ चांगली आहे. मुंबईच्या महागाईत ती किती पुरते, हे दूध-अंडी विकत घेणाऱ्या कुणालाही सांगता येईल. आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई तीत नाही.

यात जात कशाला आणता? मुंबईत कोण जात विचारतं?

पहाटे कचऱ्याच्या गाडीमागे कोण लटकलेलं असतं ते पाहा. १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातून जी माणसं मुंबईला आली, त्यांत दलित भूमिहीन कुटुंबं मोठ्या संख्येने होती. त्यांच्यातल्या अनेकांना शहराने साफसफाईच्या कामात घेतलं. पुढची पिढी कंत्राटावर त्याच कामात राहिली. ओला कचरा उघड्या हातांनी उचलायचा, काम संपल्यावर आंघोळीला पाणी नाही, हातमोजे आणि बूट फाटले तर नवे कधी मिळतील याची खात्री नाही. त्वचेचे रोग, दमा, क्षय, आणि ते सहन व्हावं म्हणून लागलेली दारू. मॅनहोलमध्ये सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवायला २०१३च्या कायद्याने बंदी आहे, तरी माणसं गुदमरून मरतात. मरणाऱ्यांच्या जाती पाहिल्या की या प्रश्नाचं उत्तर मिळतं.

बायकांची परिस्थिती वेगळी असते का?

असते. सार्वजनिक संडास लांब, रात्री अंधार, कधी दार मोडकं. म्हणून बायका संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. लघवीचे संसर्ग, मुतखडे यांचं मूळ तिथे असतं. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे, या अन्यायाविरुद्ध मुंबईतल्या कार्यकर्त्यांनी ‘राइट टू पी’ मोहीम चालवली, ती चेष्टेचा विषय नव्हती.

घरात शेवटी जेवायचं, उरेल ते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय होता. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कामगार स्त्रियांना बाळंतपणात विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, अशी बाजू मांडली. १९२९मध्ये मुंबई प्रांतात प्रसूती लाभाचा कायदा झालाही. आज नोकरदार स्त्रीला २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. तिच्या घरी पोळ्या करणाऱ्या बाईला एक दिवसाचीही नाही.

शुगर, बीपी हे तर श्रीमंतांचे आजार ना?

आता नाहीत. चौदा तास बाहेर असणाऱ्या डिलिव्हरीवाल्याला, वॉचमनला वडापाव आणि चहावर दिवस काढावा लागतो, कारण तेच स्वस्त, गरम आणि पटकन मिळतं. फळांच्या गाडीवर एका सफरचंदाचा भाव विचारा, म्हणजे कळेल. झोप अपुरी, उसनवारीचा ताण, आणि गोळी ‘बरं वाटतंय’ म्हणून महिनाअखेरीस बंद.

आता सगळ्यांना विमा मिळालाय. मग खर्चाची चिंता कशाला?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं कवच ५ लाखांपर्यंत वाढलं आणि ती सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली झाली, हे फार चांगलं झालं. हृदयाची शस्त्रक्रिया, कर्करोग, डायलिसिस यांत तिने घरं वाचवली आहेत. पण ती मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर लागू होते. रोजची बीपीची गोळी, तपासण्या, रिक्षाभाडं खिशातूनच जातं. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२मध्येही देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के लोकांनी स्वतःच्या खिशातून केला.

कारखान्यातल्या किंवा दुकानातल्या कामगाराला २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर कर्मचारी राज्य विमा मिळतो, आणि त्यात आजारपणात पगाराच्या ७० टक्के भत्ताही मिळतो. माझ्या मते या योजनेचा हाच भाग सर्वात मोलाचा, कारण तो आजारी माणसाला घरी झोपू देतो. नाका कामगार आणि घरकामगार त्याच्या बाहेर आहेत.

धर्मादाय रुग्णालयात गरिबांसाठी खाटा असतात असं ऐकलंय. खरं आहे?

खरं आहे, आणि हे जितक्या लोकांना माहीत होईल तितकं बरं. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. मुंबईतली अनेक पंचतारांकित वाटणारी रुग्णालयं यात येतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका घेऊन तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा. ‘खाट नाही’ म्हटलं तर लेखी मागा आणि धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार करा. तातडीच्या रुग्णाला आगाऊ रक्कम मागून अडवता येत नाही.

आम्ही मध्यमवर्गीय. आमच्या घरी काम करणाऱ्या मावशींसाठी, सोसायटीच्या वॉचमनसाठी आत्ता काय करू शकतो?

बरंच. आजारपणाचे दिवस पगारातून कापू नका, आणि हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे ताप अंगावर काढून त्या येणार नाहीत. महिन्याच्या चार सुट्ट्या ठरवून द्या. त्यांना तुमच्या घरचा संडास वापरू द्या; सोसायटीत कामगारांसाठी संडास नसेल तर पुढच्या सर्वसाधारण सभेत विषय घ्या, पाणी आणि कडी दोन्ही चालू असलेला बांधा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर पालिकेच्या दवाखान्यात थुंकी तपासायला पाठवा आणि त्या दिवसाचा पगार द्या. क्षय निघाला तर कामावरून काढू नका. औषध नीट सुरू झालं की साध्या क्षयात काही आठवड्यांतच संसर्गाचा धोका खूप घटतो, कामावर केव्हा यायचं ते डॉक्टर सांगतील. शिधापत्रिकेत नाव नसेल तर अर्ज भरायला बसा त्यांच्यासोबत. आणि वॉचमनची पाळी बारा तासांची असेल, तर ती आठ तासांची करायला प्रत्येक घरामागे किती रुपये पडतील, याचा हिशोब समितीपुढे मांडा.